एकशे साडेसात टक्के

प्रयोगाचा उतारा शंभर टक्क्यांच्या वर गेला म्हणजे विद्यार्थी एक तर वेंधळा आहे नाही तर लबाड, असं आमच्या विभागप्रमुखांचं मत आहे. मतं ते घरूनच तयार करून आणतात, त्यामुळे कॉलेजात त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नसतो. त्या दिवशी दुपारी दोन वाजता ते माझ्या टेबलाशी आले, प्रात्यक्षिक परीक्षेची एक उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"एकशे साडेसात टक्के," ते म्हणाले. "मॅडम, ही मुलगी हवेतून खडू काढते. आपण तिचा कारखानाच काढू या."

"हसायचं का सर?"

"नको. सही करा."

उत्तरपत्रिकेला त्यांनी एक छापील कागद टाचला होता. 'आकडे बनावट. प्रात्यक्षिक रद्द.' खाली परीक्षकाच्या सहीची जागा मोकळी. परीक्षक मी.

"वर्ष जाईल तिचं," ते म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम. उद्या चार वाजता निकाल वर पाठवायचाय."

मला रागावायला फार कारण लागत नाही. मुलं पाठीमागे मला 'ॲसिड' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी राग आला नाही. नवल वाटलं. खोटं लिहिणारा माणूस पंच्याण्णव लिहितो, फार तर सत्त्याण्णव. उरलेल्या एकतीस जणांचे आकडे असेच होते, नव्वद ते अठ्ठ्याण्णवच्या मधले, गुण्यागोविंदाने नांदणारे. एकशे साडेसात कोण लिहितं? आणि लिहून वर त्याच्याखाली बारीक अक्षरात हे कोण लिहितं, की 'हे कसं शक्य आहे ते मला कळलेलं नाही'?

प्रयोग अगदी साधा आहे. धुण्याच्या सोड्याची शुद्ध, कोरडी भुकटी पाण्यात विरघळवायची, त्यात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ओतायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं. तो पांढरा गाळ म्हणजे खडू. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि वजन करायचं. खडू किती होणार हे दोघांपैकी जो आधी संपतो त्याच्यावर ठरतं. कापड दहा सदऱ्यांचं असलं आणि बटणं सहाच सदऱ्यांची, तर सदरे सहाच होणार, उरलेल्या कापडाला काय करायचं ते करा. पुस्तकात त्याला मर्यादक अभिकारक म्हणतात, आमच्या प्रयोगशाळेत 'आधी संपणारा'. या प्रयोगात सोडा आधी संपतो, कारण कॅल्शियम क्लोराइड आम्ही मुद्दाम भरपूर देतो. सोडा २.१२ ग्रॅम. त्यातला कण न् कण कामी आला तर खडू बरोबर २.०० ग्रॅम. प्रत्यक्षात थोडा भांड्याला चिकटतो, थोडा गाळणकागदात राहतो, थोडा मुलांच्या बाह्यांना लागतो. मिळायला हवा त्यातला किती खरोखर मिळाला, तो उतारा. या मुलीला मिळाला होता २.१५ ग्रॅम. म्हणजे सोड्यात जेवढा नव्हताच, त्याहून जास्त.

मुलीला सगळे मुंगी म्हणतात. दिसायला लहानखुरी, चालायला हळू, आणि हातातली वस्तू जगबुडी झाली तरी सांडणार नाही. मी तिला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की तिला बातमी आधीच कळली आहे हे सांगावं लागलं नाही.

"आकडा बदलला का नाहीस?" मी विचारलं.

"बदलायचा कशाला, मॅडम? वजन तेवढंच आलं."

"शंभराच्या वर येत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर तीनदा वजन केलं."

"आणि तिन्ही वेळा तेच आलं?"

"एकदा २.१४ आलं होतं. ते बाजूला लिहिलंय." तिने ओठ चावला. "मॅडम, माझं वर्ष जाणार का?"

मी किल्ल्या उचलल्या. "चल. आधी हे कुठून आलं ते बघू."

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. पांढऱ्या फरशीची चार टेबलं, तपकिरी डागांचे बेसिन, आणि भिंतीला काचेच्या पेटीत दोन तराजू. दोनच. बत्तीस मुलांनी दोन तराजूंवर सोडा तोलत बसायचं म्हटलं तर परीक्षा आठवडाभर चालेल. म्हणून इथे फार जुनी पद्धत आहे. परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेचे काका सकाळी सात वाजता येतात, प्रत्येकासाठी सोडा तोलतात आणि गुळगुळीत कागदाच्या चौकोनी पुड्या बांधून पत्र्याच्या डब्यात रचून ठेवतात. मुलं पुडी उघडतात, पाण्यात रिकामी करतात, झालं. मुलांनी त्यांचं नावच 'पुडीकाका' ठेवलंय. मी इथे शिकत होते तेव्हाही ते होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझी कंबर बारीक होती.

दाराशेजारी एक काळा बोर्ड आहे. जुन्या विभागप्रमुखांना स्पर्धेची फार हौस. त्यांनी या प्रयोगातल्या सर्वांत चांगल्या उताऱ्यांची यादी त्यावर पांढऱ्या रंगाने लिहायला सुरुवात केली. सगळ्यांत वर माझं माहेरचं नाव आणि पुढे ९८.५. सव्वीस वर्षांत कुणी त्याच्या वर गेलेलं नाही. त्या बोर्डाकडे मी फारसं बघत नाही.

मुंगीच्या खडूची बाटली कपाटात होतीच. कुठेतरी पाणी मुरत असणार, हा पहिला संशय. ओला खडू जड भरतो. तो आम्ही भट्टीत ठेवला, तासाभराने काढला, गार केला, तोलला. २.१५. पुन्हा ठेवला, पुन्हा तोलला. २.१५. पाणी नव्हतं.

दुसरा संशय मिठाचा. खडूबरोबर या प्रयोगात साधं मीठही तयार होतं, आणि खडू नीट धुतला नाही तर ते त्यातच वाळतं. चिमूटभर खडू पाण्यात ढवळून गाळला आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असतं तर पाणी गढूळ झालं असतं. ते तसंच राहिलं, आरशासारखं. मुंगीने किती वेळा धुतला असेल कोण जाणे.

"सात वेळा," ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

तिसरा संशय तराजूचा. पेटीतली पितळी वजनं काढून एकेक ठेवून पाहिली. तराजू निर्दोष. मग गाळून उरलेलं पाणी बघायला हवं होतं, पण ते परीक्षा संपताच बेसिनमध्ये जातं.

"मी बाटलीत ठेवलंय," मुंगी म्हणाली.

"कशाला?"

"आकडा चुकला होता ना. मग टाकून कसं द्यायचं?"

मला तिचा पापा घ्यावासा वाटला, पण ॲसिड म्हणून मिळवलेलं नाव असं घालवायचं नसतं. त्या पाण्यात मी थोडं सोड्याचं द्रावण ओतलं. लगेच पांढरं झालं. म्हणजे कॅल्शियम अजून शिल्लक होतं, आणि सोडाच आधी संपला होता. सगळं पुस्तकाप्रमाणे, आकडा सोडून.

"आता पुन्हा कर," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

डब्यात परीक्षेच्या चार पुड्या उरल्या होत्या. काकांनी एक काढून तिच्या हातात ठेवली आणि खिडकीशी स्टूल घेऊन बसले. मुंगीने पुडी उघडली, पाण्यात रिकामी केली, कागदाच्या घड्या पिचकारीने धुऊन तेही पाणी भांड्यात घेतलं. काचेची कांडी धुतली. भांडं चार वेळा खंगाळलं. बघताना मला माझंच तरुणपण आठवत होतं, आणि ते मला नको होतं.

खडू भट्टीत असताना ती बोर्डाकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमचा अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच. तुम्ही नेमकं कसं केलं होतं?"

"काळजीपूर्वक," मी म्हटलं आणि नळ सोडला.

संध्याकाळी सहाला वजन केलं. २.१६.

"शून्यातून खडू," मी पुटपुटले. काका खिडकीशी बसून बोटांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकत होते. एरवी दहा शब्दांना अकरावा जोडणारा माणूस, तासभर एक अक्षर बोलला नव्हता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आई मशीनवर बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, सुईत दोरा मलाच ओवायला लावते, पण गिऱ्हाइकं सोडत नाही. मी तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. रसायनशास्त्र तिला कळत नाही, पण तिला माणसं कळतात आणि मापं कळतात.

"मग करणार का सही?" तिने विचारलं.

"कारण सापडलं नाही तर करावी लागेल."

"तिने खोटं लिहिलंय असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग काय तर." तिने चष्मा वर सरकवला. "तुझं मात्र मला कधी कळलं नाही बाई. पहिली आलीस, बोर्डावर नाव लागलं, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलीस. कौतुकाने कुणी रडतं का?"

आईला मी ते कधीच सांगितलं नव्हतं. पण आता इथे सांगायला हरकत नाही. माझं वजन १.९७ आलंच नव्हतं. ते आलं होतं २.१४. मी घाबरले. वाटलं, खडू ओला राहिला, आपण वेंधळ्या, आता सगळे हसणार. प्रयोग पुन्हा करायला वेळ नव्हता. मी ब्लेडने शाई खरवडली आणि वर १.९७ लिहिलं. एवढा चांगला आकडा का लिहिला? कारण बाकी सगळं मी खरोखर चांगलं केलं होतं, आणि मला वाटलं की आपला हक्क आहे. पुढे त्याच कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा जुन्या सरांनी बोर्डाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हिला काय विचारायचं?" आणि खरंच काही विचारलं नव्हतं. त्यानंतर तो प्रयोग मी आयुष्यात कधी स्वतः केला नाही. शिकवला, तपासला, पण हात लावला नाही.

आईने टेबलावर कापड पसरलं. फीत लावली, मोजलं, खडूने रेघ मारली, आणि कात्री रेघेच्या बोटभर बाहेरून चालवली.

"आई, रेघ तर आत आहे."

"मग? माप चाळीसचं, पण कापायचं एक्केचाळीस. शिवणीत जातं थोडं. नेमकं चाळीस कापलं तर अंगाला घट्ट होईल आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडेल."

"आणि पावतीवर काय लिहितेस?"

"चाळीसच. गिऱ्हाइकाला शिवणीशी काय करायचंय?"

मी तिच्या कात्रीकडे बघत राहिले. आम्ही खडू तपासला होता, तराजू तपासला होता, पाणी तपासलं होतं, मुलगी तपासली होती. पुडी कुणी तपासलीच नव्हती. पुडीवर २.१२ लिहिलेलं असतं, आणि ते आम्ही सूर्य उगवतो तसं धरून चालत होतो.

सकाळी साडेसातला मी प्रयोगशाळेत होते. आधी बरणीतून स्वतः सोडा तोलला, नेमका २.१२, आणि सव्वीस वर्षांनी तो प्रयोग केला. हात सुरुवातीला चाचपडले, मग आठवलं त्यांना. खडू भरला १.९५. साडेसत्त्याण्णव टक्के. शंभराच्या आत, शहाण्यासारखा. मग डब्यातल्या उरलेल्या तीन पुड्या काढल्या, आणि रिकामा कागद आधी तोलून एकेक पुडी तराजूवर ठेवली.

२.३३. २.३२. २.३४.

एक पुडी भट्टीत तापवूनही पाहिली, सोड्याने हवेतलं पाणी प्यायलं असेल म्हणून. जेमतेम एक शतांश ग्रॅम कमी झाला. बाकी सगळा सोडाच.

काका दारात आले तेव्हा तिन्ही पुड्या टेबलावर उघड्या होत्या. त्यांनी त्या बघितल्या, जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि स्टुलावर बसले.

"सापडलं का बाई?" ते म्हणाले.

"काका, हे काय आहे?"

"वरची चिमूट."

"कसली चिमूट?"

"मी नेमकं तोलतो बाई. दोन पॉइंट बारा. त्यात खोट नाही. मग वरून एक चिमूट घालतो. पोरांच्या हाताला कंप असतो, पुडी उघडताना सांडतं, कागदाला लागतं. मी लागलो त्या पहिल्या वर्षी, तीस वर्षं झाली त्याला, एका पोराचं अर्धं सांडलं. दुसरी पुडी द्यायची नाही असा तेव्हा नियम. नापास झालं ते. दिवसभर त्या जिन्यात बसून होतं." त्यांनी जिन्याकडे बघितलं, जणू ते पोर अजून तिथे आहे. "तेव्हापासून घालतो. कुणाला कमी पडू नये म्हणून. जास्त झालं तर बिघडतंय काय, असं वाटलं."

मी न राहवून एक रिकामा कागद तराजूवर ठेवला. "घाला बघू चिमूट."

त्यांनी बरणीत बोटं घातली आणि कागदावर सोडली. ०.२१. पुन्हा घालायला लावली. ०.२०. पुन्हा. ०.२१. विद्यापीठातून पदव्या घेतलेल्या लोकांना चमच्याने एवढं नेमकं जमत नाही. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तीस वर्षं आमची मुलं सव्वादोन ग्रॅमहून जास्त सोडा वापरून २.१२ चा हिशेब मांडत होती. ज्यांचं सांडत होतं, चिकटत होतं, त्यांचा उतारा पंच्याण्णव दिसत होता, आणि आम्ही त्यांची पाठ थोपटत होतो. शंभराच्या वर फक्त तेच जाणार ज्यांनी काहीच सांडलं नाही. २.३३ ग्रॅम सोड्यापासून खडू होतो २.२० ग्रॅम. मुंगीचा २.१५ म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के. तुकडीतली सर्वांत चांगली मुलगी.

"मी लबाडी केली का हो बाई?" काकांनी विचारलं.

"नाही काका. पण लिहायला हवं होतं."

तीन वाजता मी तिन्ही पुड्या, वजनांचे कागद आणि काकांना घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. आकड्यांतलं त्यांना पटकन कळतं, ते मान्य करायला हवं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, एक सांगा. ही चिमूट तीस वर्षं चालू आहे?"

"हो."

"वर्षाला बत्तीस मुलं. म्हणजे हजारभर झाली. त्यात मुंगीइतकी काळजीपूर्वक काम करणारी एकही नव्हती? एकाचाही उतारा शंभराच्या वर गेल्याची नोंद नाही. एकाचाही!" ते काकांकडे वळले. "मला असं दिसतं, की पुड्या याच वर्षी जड झाल्या. कदाचित परीक्षेनंतर झाल्या. काकांचा जीव आहे त्या मुलीवर, सगळ्यांना माहीत आहे."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, देवाशप्पथ—"

"शपथेवर खडू होत नाही काका. नोंद दाखवा."

घड्याळात सव्वातीन झाले होते. टाचलेला छापील कागद टेबलावरच होता. मला कळत होतं की ते म्हणतात त्यात तर्क आहे, आणि त्या तर्काला उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे. गप्प बसणं अगदी सोपं होतं. मुंगीने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली असती, यावेळी आकडा नीट बदलून. तिलाही मग माझ्यासारखं जमलं असतं.

या विचाराने मात्र मला खरोखर राग आला. मी उठले, प्रयोगशाळेत गेले आणि काचेच्या कपाटातून एक जर्नल काढून आणलं. ते तिथे नमुना म्हणून ठेवलेलं असतं. दर वर्षी नव्या मुलांना दाखवतात, की बघा, जर्नल असं लिहायचं. माझंच आहे ते; आमची परीक्षाही तेव्हा जर्नलमध्येच लिहायची असे.

"शेवटच्या आधीचं पान," मी म्हटलं. "खिडकीशी धरून बघा सर."

त्यांनी ते उजेडात धरलं. कागद एका जागी पातळ झाला होता. १.९७ च्या खाली, खरवडलेल्या शाईचा निळसर २.१४ अजून स्पष्ट दिसत होता.

"तुम्हाला नोंद हवी होती," मी म्हटलं. "शंभराच्या वर गेलेल्या एका विद्यार्थिनीची. सव्वीस वर्षांपूर्वीची. तिने ती खोडली, म्हणून तुम्हाला सापडली नाही. अशा आणखी किती असतील ते कळायला ब्लेडं मोजावी लागतील."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा उजेडात धरलं. कधी नव्हे ते त्यांच्याकडे मत तयार नव्हतं.

"हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "आणि तुमच्या नेमणुकीच्या वेळी त्या बोर्डाचा—"

"माहीत आहे मला. तेही लिहिते."

मी तिथेच बसून लिहिलं. पावणेचारला त्यांनी छापील कागद टाचणीसकट उपटला आणि मुंगीच्या उत्तरपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सोडा प्रत्यक्षात २.३३ ग्रॅम धरावा. उतारा ९७.८ टक्के.' माझ्या कागदाचं पुढे काय होईल ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पण आदल्या दिवशीपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. आदल्या दिवशीपासून कसलं, सव्वीस वर्षांपासून.

प्रयोगशाळेत मुंगी वाट बघत उभी होती. तिला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग लगेच काकांना म्हणाली, "काका, चिमूट बंद करू नका. फक्त नंतर तोला आणि पुडीवर खरं वजन लिहा. मग सांडलं तरी चालेल आणि नाही सांडलं तरी चालेल."

"असं चालतं?" काकांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"चालतं," मी म्हटलं. तीस वर्षांत हे कुणाला सुचू नये, याची मला लाज वाटली.

मग मी रॉकेलचा बोळा, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि बोर्डाशी स्टूल ओढलं. माझ्या नावापुढचा ९८.५ पुसायला जेमतेम दहा सेकंद लागले. यादीच्या शेवटी मुंगीचं नाव लिहिलं, ९७.८. मग पुन्हा वर, माझ्या नावाशी आले. नाव तसंच ठेवलं होतं. २.१४ भागिले २.२०, मी मनात हिशेब केला, सव्वासत्त्याण्णव. म्हणजे मी वेंधळी नव्हतेच. त्या दिवशी मी सगळं बरोबर केलं होतं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मी ब्रश उचलला.

"मॅडम," खालून मुंगी म्हणाली. तिचा आवाज अवघडलेला होता, पण थांबणारी नव्हती ती. "तुमची पुडी किती ग्रॅमची होती?"

"दोन पॉइंट तेहतीस. काकांची चिमूट बदलत नाही."

"आता बदलत नाही. तेव्हा?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. "तेव्हा मी तरुण होतो बाई," ते हळूच म्हणाले. "बोटं बारीक होती. सांगता नाही यायचं."

मी त्या वेळी २.१४ लिहिलं असतं, तर कुणीतरी त्याच दिवशी पुडी तोलून पाहिली असती. आता माझा खरा उतारा कुणालाच कळणार नव्हता. मग माझ्या नावापुढे, आकड्याच्या जागी, एक आडवी रेघ ओढली आणि खाली उतरले.